सेवाग्रामची शाळा आणि घाटंजीची बोली : मूलोद्योग शिक्षणाच्या पुनरुज्जीवनातील एक भाषिक प्रश्न

शिक्षणसंस्थेचे पुनरुज्जीवन म्हटले म्हणजे पडकी इमारत दुरुस्त होणे, बंद पडलेले वर्ग पुन्हा भरणे आणि जुन्या नावाची पाटी दारावर लागणे, एवढाच अर्थ बहुधा घेतला जातो. परंतु जी शाळा एका निश्चित तत्त्वाच्या प्रयोगासाठीच जन्मास आली, तिच्या बाबतीत हा अर्थ अपुरा ठरतो. तेथे वर्ग भरले, पण तत्त्व परतले की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. वर्ध्याजवळील सेवाग्रामची नई तालीमची शाळा ही अशा प्रकारची संस्था होय. ती सत्तरीच्या दशकात बंद पडली व २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ म्हणून पुन्हा सुरू झाली. ह्या शाळेच्या मुळाशी दोन तत्त्वे होती : उत्पादक हस्तोद्योग आणि मातृभाषेचे माध्यम. पैकी पहिल्याची चर्चा विपुल झाली आहे. दुसरे मात्र स्वयंसिद्ध मानले गेल्यामुळे जवळजवळ अचर्चित राहिले. वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः घाटंजी तालुक्यासारख्या भागात हे तत्त्व नेऊ पाहिले, तर ते तितकेसे स्वयंसिद्ध राहत नाही. घाटंजीचे उदाहरण घेण्याचे कारण असे की, येथे हस्तोद्योगाचा कच्चा माल सेवाग्रामचाच, म्हणजे कापूस आहे; भाषा मात्र एक नाही.

प्रथम शाळेचा पूर्वेतिहास पाहावयास हवा. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्ततेखाली काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. दारूबंदी केली तर अबकारी उत्पन्न बुडेल आणि शिक्षणाला पैसा कोठून आणावा, असा पेच त्यांच्यापुढे होता. शिक्षण मुलांच्या उत्पादक श्रमांतूनच उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्या वर्षीच्या ‘हरिजन’मधील लेखांतून मांडला गेला. त्यावर विचार करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. परिषदेने चार ठराव केले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण सर्व राष्ट्रभर असावे. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे. सर्व शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे. आणि ह्या पद्धतीतून कालांतराने शिक्षकांचे वेतन निघावे, असे त्यांचे आशय होते. डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा प्रभृती होते. समितीने आपले प्रतिवृत्त २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांच्या आत, सादर केले. हरिपुरा काँग्रेसने १९३८ च्या फेब्रुवारीत योजना स्वीकारली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन सेगाव हे त्याचे केंद्र झाले. सेगावचे ‘सेवाग्राम’ हे नामांतर १९४० चे. संघाची आणि शाळेची धुरा ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् ह्या दांपत्याने वाहिली. आर्यनायकम् हे जाफन्याकडील तमिळभाषी आणि आशादेवी बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. मराठी मातृभाषा असलेल्या खेड्यातील मुलांची शाळा अशा दोघांनी उभी केली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

झाकिर हुसेन समितीचे वेळापत्रक आज वाचतानाही उद्बोधक वाटते. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास, ४० मिनिटे मातृभाषेस, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणित ह्यांस, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञानास, १० मिनिटे शारीरिक शिक्षणास आणि १० मिनिटे मधल्या सुटीस. वर्षाचे कामाचे दिवस २८८. इंग्रजीला ह्या सात वर्षांत स्थान नव्हते. वरवर पाहता भाषेच्या वाट्याला हस्तोद्योगाच्या एकपंचमांश वेळ आलेला दिसतो, आणि पुष्कळ टीकाकारांनी तसा आक्षेप घेतलाही. वस्तुतः हा हिशेब फसवा आहे. समवाय पद्धतीत, म्हणजे एका कामाच्या ओघात अनेक विषय शिकविण्याच्या पद्धतीत, मूलोद्योगाचा तास हाच भाषेचा खरा तास असतो. मूल सूत काढताना जे बोलते, विचारते, मोजते आणि शेवटी कामाच्या वहीत लिहिते, ते सगळे भाषाशिक्षणच होय.

सुताचीच उदाहरणे घेऊ. कापूस वेचणे, वाळविणे, रेचून सरकी वेगळी करणे, रुई पिंजणे, पेळू वळणे आणि टकळीवर किंवा चरख्याच्या चातीवर सूत काढणे, ही क्रियांची साखळी आहे. तीतील प्रत्येक क्रियापदाला स्वतःचे कर्म आणि स्वतःचे साधन आहे. कापूस पिंजत नाहीत, रुई पिंजतात. रुई कातत नाहीत, पेळू कातला जातो. शब्दांचे हे सूक्ष्म भेद व्याकरणाच्या पुस्तकातून शिकविणे कष्टाचे असते. हाताने काम करणाऱ्या मुलाला ते विनासायास येतात, कारण चुकीचा शब्द वापरला तर सोबत्याच्या हातून चुकीची वस्तू पुढे येते. ‘टकळी’ ह्या एका शब्दातच मराठीने सूत काढण्याचे साधन आणि अखंड बोलणारे तोंड ह्या दोहोंना एकत्र बसविले आहे. शाळेत मुलांनी गप्प बसावे असे मानणाऱ्या शिक्षणपद्धतीला हा शब्द एक प्रकारे उत्तरच देतो.

ह्यावरून एक गोष्ट लक्षात येईल. वर्धा योजनेत मातृभाषा हा चार ठरावांपैकी केवळ एक सुटा ठराव नव्हता. उद्योगाचा ठराव तिच्यावाचून चालूच शकत नव्हता. परकीय भाषेतील पाठ पाठ करून परीक्षा देता येते. परक्या भाषेत समवाय मात्र साधत नाही, कारण समवायाला मुलाचे स्वतःचे बोलणे लागते.

१९४५ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे भरलेल्या संमेलनात ह्या शिक्षणाची व्याप्ती वाढवून पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे त्याचे टप्पे ठरले. मार्जोरी साइक्स ह्यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञ येथे येऊन राहिल्या. पुढे त्यांनीच ह्या चळवळीची हकीकत लिहिली. निरनिराळ्या प्रांतांतून शिक्षक प्रशिक्षणासाठी येत. त्यांचा परस्परव्यवहार हिंदुस्थानीतून, तर मुलांचे वर्ग मराठीतून, अशी विभागणी होती आणि ती सुरळीत चालली.

शाळेचा ऱ्हास कशाने झाला, ह्याची कारणे अनेक आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात बहुतेक राज्यांनी मूलोद्योग शिक्षण स्वीकारले, परंतु पुष्कळ ठिकाणी सामान्य शाळेच्या वेळापत्रकात टकळीचा एक तास घालणे एवढेच त्याचे रूप उरले. नोकरी व महाविद्यालय ह्यांचा मार्ग इंग्रजीतून जात असताना इंग्रजीवाचूनची शाळा खेड्यातल्या मुलासाठी आणि इंग्रजी शाळा शहरातल्या मुलासाठी, असा भेद पालकांना दिसू लागला. त्यांचा संशय निराधार होता असे म्हणता येत नाही. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कार्यकर्त्यांचे लक्ष भूदान-ग्रामदानाकडे वळले होते. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने मूलोद्योगाचे रूपांतर ‘कार्यानुभव’ ह्या सौम्य कल्पनेत केले. १९६७ मध्ये आर्यनायकम् निवर्तले. त्यानंतर काही वर्षांत सेवाग्रामची शाळा बंद झाली. नाव मात्र इतरत्र राहिले : मराठी मुलखातील कित्येक जिल्हा परिषद शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ ही अक्षरे पुढे दीर्घकाळ टिकली. संज्ञा टिकते आणि संकल्पना निसटते, ह्या अर्थपरिवर्तनाच्या सुपरिचित प्रकाराचे हे चांगले उदाहरण आहे.

सुमारे तीन दशकांच्या खंडानंतर नई तालीम समितीने २००५ मध्ये सेवाग्रामच्या परिसरातच आनंद निकेतन सुरू केले. माध्यम मराठी ठेवले. शेती, सूतकताई, स्वयंपाक, शिवण, सफाई ही कामे अभ्यासक्रमाच्या आत घेतली. तथापि जुन्या शाळेची ही हुबेहूब प्रतिकृती नव्हे. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकांचे वेतन काढण्याचा चौथा ठराव येथे सोडून दिलेला आहे. राज्याच्या अभ्यासक्रमाशी मेळ घातलेला आहे. आणि महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आल्यामुळे इंग्रजीही आलेली आहे. हे बदल पाहून काहींना तत्त्वच्युती वाटेल. परंतु चार ठरावांपैकी कोणता सोडला आणि कोणता धरून ठेवला, हे पाहिले म्हणजे निराळे चित्र दिसते. आसपास इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढत असताना मराठी माध्यम टिकविणे, हाच ह्या पुनरुज्जीवनातील सर्वांत अवघड निर्णय होता. आणि तो बरोबर होता, कारण समवायाची पद्धत परत आणावयाची तर तिची भाषा परत आणणे भागच होते.

सेवाग्रामात हे जमले ह्याचे एक कारण भौगोलिक आहे. तेथे शेताची, घराची आणि वर्गाची भाषा स्थूलमानाने एक आहे. घाटंजीला तसे नाही.

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. हा जिल्हा जुन्या वऱ्हाडचा भाग. १९०५ पर्यंत तो ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांतास जोडले गेले, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. पूर्वेस व उत्तरेस वर्धा नदी आणि दक्षिणेस पैनगंगा, अशा दोन नद्यांनी जिल्ह्याची सीमा बव्हंशी आखलेली आहे. पैनगंगेपलीकडे आदिलाबादचा मुलूख, म्हणजे पूर्वीचे हैदराबाद संस्थान, मग आंध्र प्रदेश व २०१४ पासून तेलंगण. शेतीत कापूस मुख्य. मूलोद्योगाला लागणारा माल येथे शाळेच्या कुंपणापर्यंत आलेला असतो.

भाषेकडे वळताच मात्र ‘मातृभाषा’ ह्या शब्दाचे थर उलगडू लागतात. पहिला थर मराठीच्याच आत आहे. येथील मराठी शेतकऱ्याची बोली वऱ्हाडी. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, तिची नोंद झालेली आहे. प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी तीत ‘य’ येतो : डोळा तो ‘डोया’, काळा तो ‘काया’ आणि शाळा ती ‘शाया’. ‘मला’, ‘त्याला’ ह्यांच्याऐवजी ‘मले’, ‘त्याले’. म्हणजे पहिलीत येणाऱ्या मुलाला ज्या वास्तूत पाऊल टाकावयाचे तिचे नावच फळ्यावर वेगळे दिसते. शब्दसंग्रहही निराळा आहे. प्रमाण मराठी ‘कापूस’ हा संस्कृत ‘कार्पास’पासून प्राकृतातून आलेला, पण कपाशीच्या झाडाला येथील माणूस ‘पऱ्हाटी’ म्हणतो. तेलुगू ‘प्रत्ति’, तमिळ ‘परुत्ति’ आणि कन्नड ‘हत्ति’ ह्यांच्याशी ह्या शब्दाचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. एकाच वावरातील एकाच झाडापाशी दोन भाषाकुले अशी शेजारी उभी दिसतात. तरीही हा थर ओलांडणे फारसे कठीण नाही. शिक्षकाने ‘शाया’ हा शब्द अशुद्ध न मानता बोलीचा मानला, तर मूल थोड्याच काळात दोन्ही रूपे वापरू लागते.

दुसरा थर अधिक खोल आहे. ह्या भागात बंजारा समाजाची गोरमाटी आहे, गोंडी आहे आणि कोलामांची कोलामी आहे. गोरमाटी आर्यभाषाकुलातील असल्याने मराठीला तुलनेने जवळची. गोंडी व कोलामी ह्या द्राविडी. कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक असून कातकरी व माडिया गोंड ह्या उरलेल्या दोन. २०११ च्या जनगणनेत देशभरात कोलामी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार होते. कोलामांच्या लहान वस्त्यांना ‘पोड’ म्हणतात. पोडावरून शाळेत येणारे सहा वर्षांचे मूल ज्या भाषेत विचार करीत असते, तिचा वर्ध्याच्या ठरावाशी काय संबंध, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

१९३५ ते १९३८ ह्या काळात अमेरिकेतून आलेले भाषाशास्त्रज्ञ मरे बार्न्सन एमेनो भारतात द्राविडी भाषांची क्षेत्रपाहणी करीत होते. तोडा व कोटा ह्या निलगिरीतील भाषांप्रमाणेच कोलामीचेही नमुने त्यांनी गोळा केले, आणि ते नमुने वर्धा जिल्ह्यातीलच होते. त्यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मातृभाषेच्या माध्यमाचा ठराव ज्या जिल्ह्यात झाला, त्याच जिल्ह्यातील एक अलिखित मातृभाषा त्याच काही वर्षांत कागदावर उतरविली जात होती. ह्या दोन उपक्रमांची गाठ पडली नाही. परिषदेच्या मनात मातृभाषा म्हणजे प्रांताची साहित्यसंपन्न भाषा होती. एमेनोंच्या मनात ती व्याकरणाची सामग्री होती. दोन्ही दृष्टी आपापल्या परीने योग्य होत्या, पण पोडावरचे मूल दोहोंच्या मधल्या जागेत राहिले. कोलामीविषयी तत्पूर्वी काहीच नव्हते असेही नाही : ग्रिअर्सनच्या पाहणीच्या चौथ्या खंडात, १९०६ मध्ये, तिचा समावेश आहे. आणि मराठी वाचक इतिहासकार म्हणून ज्यांना ओळखतो त्या सेतुमाधवराव पगडी ह्यांनी, हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादेकडे झालेल्या परिचयातून, कोलामीचे व्याकरण लिहून १९५० मध्ये प्रसिद्ध केले होते.

कोलामी व मराठी ह्यांतील अंतर कसे आहे, ह्याची कल्पना काही उदाहरणांवरून येईल. पाण्याला कोलामीत ‘ईर’, विस्तवाला ‘किस’, वाघाला ‘पुल’ आणि घराला ‘एल्ला’ म्हणतात. पण शब्द वेगळे असणे ही अडचण त्यातल्या त्यात लहान. व्याकरणाची घडण वेगळी असणे ही मोठी. मराठीत तीन लिंगे आहेत; कोलामीत दोनच वर्ग असून पुरुष एका वर्गात आणि स्त्रिया, जनावरे व निर्जीव वस्तू सामान्यतः दुसऱ्या वर्गात मोडतात. ‘आई आली’, ‘झाड पडले’ आणि ‘दगड पडला’ ह्या तीन वाक्यांतील क्रियापदांची तीन रूपे कोलाम मुलाला अकारण वाटतात, कारण त्याच्या भाषेत आई, झाड आणि दगड ह्यांच्याशी क्रियापद एकाच रीतीने जुळते. तेव्हा ‘आई आले’ असे ते म्हणाले, तर ते त्याचे अज्ञान नसते. एका सुसंगत व्याकरणाचे दुसऱ्या व्याकरणावर पडलेले प्रतिबिंब असते. हे ज्ञात असलेला शिक्षक ती चूक एका दिवसात निश्चित दाखवून देऊ शकेल. अज्ञात असलेला ती वर्षभर लाल शाईने खोडीत राहील आणि मुलाला मंदबुद्धी ठरवील.

ध्वनींचेही तसेच. कोलामीच्या मूळ शब्दांत महाप्राण व्यंजने नाहीत. ती उसन्या शब्दांबरोबर येतात. ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’ हे भेद मराठी मुलाच्या कानात जन्मापासून असतात, कोलाम मुलाला ते शिकावे लागतात. तालुक्याच्या नावाचे पहिलेच अक्षर ह्या दृष्टीने त्याला परके आहे. उलट कोलामीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ असा अर्थभेदक फरक आहे, आणि तो मराठीच्या प्रचलित देवनागरीत लिहिण्याची सोयच नाही. वर दिलेल्या ‘एल्ला’मधील ‘ए’ ऱ्हस्व आहे. पण ते छापील अक्षरावरून कळत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर ह्या मुलाची मातृभाषा दुर्लक्षित नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय पुरविण्यास राज्यांना सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्यतो मातृभाषा हेच माध्यम मानतो, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार करते. व्यवहारात मात्र आश्रमशाळेचे आणि जिल्हा परिषद शाळेचे माध्यम मराठी असते, आणि ते मराठी राज्यात स्वाभाविकही मानले जाते. ज्या मराठीने इंग्रजीविरुद्ध मातृभाषेचा पक्ष मांडला, तीच येथे इंग्रजीच्या जागी येऊन बसते, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांना अप्रिय वाटली तरी नाकारता येण्यासारखी नाही.

ह्याचा अर्थ कोलाम मुलाला मराठीपासून दूर ठेवावे असा मुळीच नाही. पोडावरील प्रौढ माणूस बाजारात, तहसिलीत आणि दवाखान्यात मराठीच बोलतो. त्याच्या मुलाला ती उत्तम आलीच पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. घरच्या भाषेतून वाचनाची आणि विचाराची सुरुवात होऊन मग मराठीकडे जावे की दोन-तीन वर्षे न समजणाऱ्या शब्दांत बसून मूल शेवटी शाळाच सोडून जावे, ह्यांतील निवड करावयाची आहे.

अशी सुरुवात अशक्य नाही, ह्याचा दाखला पैनगंगेच्या पलीकडेच आहे. २००४ च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशाने आठ भाषांतून बहुभाषिक प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. त्या आठांत गोंडी, कोया, कोलामी व बंजारा ह्या भाषा होत्या. मुलाने आपल्या भाषेत वाचावयास लागावे आणि क्रमाक्रमाने तेलुगूत यावे, अशी त्याची रचना होती. ओडिशानेही त्यानंतर थोड्याच काळात आपल्या आदिवासी भाषांसाठी असा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः उभारली. तिच्यापुढे शासकीय मान्यतेचा प्रश्न उभा राहिला, परंतु मागणी गावातून आली हे महत्त्वाचे. सेवाग्रामच्या मूळ कल्पनेला ती जितकी जवळची आहे, तितक्या जवळच्या शाळा राज्यात थोड्याच असतील.

घाटंजीच्या बाबतीत पहिले पाऊल लिपीचे आहे. आदिलाबादेकडील कोलामी पाठ तेलुगू लिपीत तयार झाले. ते येथील शिक्षकाला वाचता येत नाहीत. पगडी व एमेनो ह्यांची व्याकरणे इंग्रजीत आहेत आणि त्यांतील कोलामी रोमन अक्षरांत आहे. येथील शाळेला ती देवनागरीत हवी, ऱ्हस्व ‘ए’ व ऱ्हस्व ‘ओ’ ह्यांच्यासाठी एक-एक चिन्ह ठरवून. द्राविडी भाषांच्या देवनागरी लिप्यंतरात ‘ऎ’ आणि ‘ऒ’ ही अक्षरे त्यासाठी वापरली जातातच. कपाशीच्या वेचणीपासून पेळूपर्यंतच्या क्रियांचे कोलामी शब्द पोडावरील वृद्धांकडून उतरवून घेऊन, शेजारी वऱ्हाडी व प्रमाण मराठी रूपे देऊन, पहिलीच्या शिक्षकाच्या हाती देता येतील अशी चाळीस-पन्नास पानांची शब्दावली एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या प्रबंधिकेत सहज मावते. पोडावर जाण्याचा योग्य काळ दिवाळीनंतरचा. तेव्हा वेचणी चालू असते आणि शब्द हातातल्या कामाबरोबरच ऐकावयास मिळतात.